काल्याचा प्रसाद आणि लेकराचे पथ्य

2024 च्या रामनवमीच्या सप्ताहात आमची एका गावी कीर्तनसेवा होती. कीर्तन झाले, आरती झाली, मंडळी पाया पडून पंगतीकडे निघाली. एक बाई मात्र मंडपाच्या खांबाशी उभी राहिली होती. कडेवर चारेक वर्षांचे मूल. जवळ येऊन हळूच म्हणाली, "महाराज, डॉक्टरांनी ह्याला गहू वर्ज्य सांगितलाय. जन्मभर. शिऱ्याचा प्रसाद हातावर आला की मी तो परत करते. सासूबाई म्हणतात, प्रसाद नाकारतीस, भोगशील. पाप लागतं का हो, महाराज?"

शास्त्राचे उत्तर आम्हांस ठाऊक होते. दोन वाक्यांत सांगून मोकळे होता आले असते. परंतु जीभ उचलेना. "माउली, सवडीने सांगतो," एवढे बोलून आम्ही वहाणा घातल्या. कारण दोनच महिन्यांपूर्वी हाच प्रश्न आमच्या घरी येऊन बसला होता आणि त्या परीक्षेत आम्ही नापास झालो होतो. ज्याने स्वतः पेपर कोरा दिला त्याने दुसऱ्यास उत्तर काय सांगावे? त्या माउलीच्या गावी हे मासिक जाते, म्हणून ते उत्तर आता येथे लिहितो. उशीर झाला, तिने क्षमा करावी.

आमचे घर कयाधूच्या काठचे. एका अंगाला नामदेवरायांची नर्सी, दुसऱ्या अंगाला औंढा नागनाथ. घरात आम्ही, आमचे कुटुंब, मुलगा, सूनबाई, एक नात आणि तेव्हा सहा वर्षांचा असलेला नातू. दावणीला एक गाय. नातवाच्या कोपरांच्या वळणात आणि गुडघ्यांच्या लवणीत दीड वर्षापासून खाजरे चट्टे उठत. रात्री झोपेत खाजवी, सकाळी पांघरुणावर रक्ताचे ठिपके. मधूनच पोट दुखे, शौचास पातळ होई, अंगाला मांस म्हणून चढेना. कडुनिंबाचा पाला घालून आंघोळी झाल्या. हळदीचे लेप झाले. हिंगोली-वसमतच्या माणसाला हळदीचा काय तोटा! अंगारे झाले. शेवटी मुलगा आणि सूनबाई त्याला नांदेडला बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेली, आणि आम्हीही बरोबर गेलो.

त्यांनी प्रथम गव्हासाठी रक्त तपासले आणि एक गोष्ट बजावली, ती त्या माउलीसारख्या सर्वांच्या उपयोगाची आहे म्हणून लिहितो. ही तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नये. आधीच बंद केला तर रक्तातली खूण पुसट होते आणि निदान चुकते. आमच्याकडे गव्हाचा दोष निघाला नाही. मग ते म्हणाले, संशय दुधावर आहे. चार आठवडे दूध आणि दुधाचे सर्व बंद करा. दही, ताक, लोणी, तूप, खवा, पेढा, काही नाही. फरक पडला तर पुन्हा दूध देऊन पाहू, तेव्हा खरे काय ते कळेल. अशा त्रासाला कारण होऊ शकणारे पदार्थ त्यांनी कागदावर लिहून दाखवले: दूध, अंडी, मासे, गहू, सोयाबीन, शेंगदाणा. अंडी आणि मासे वाचून सूनबाई म्हणाली, "हे दोन तर आमच्या घरी माळेनंच बंद केलेत." डॉक्टर हसले. मात्र प्रत्येक खाजेला दूध कारण नसते, आणि मनाने घरच्या घरी एकामागून एक पदार्थ तोडत गेल्यास मूल उपाशी मरते, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले.

आम्ही लहानपणी पाठशाळेत तर्कसंग्रह घोकला. अन्वय आणि व्यतिरेक त्यात आले. एक असले की दुसरे असते, हा अन्वय. ते नसले की हेही नसते, हा व्यतिरेक. दोन्ही जुळले म्हणजे संबंध पक्का. एकावर विसंबले तर काकतालीय न्याय, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. तर्कशास्त्राने धूर आणि अग्नी शिकवताना उदाहरण दिले ते स्वयंपाकघराचेच. पण तर्कशास्त्र खरोखरच्या स्वयंपाकघरात चुलीपाशी येऊन बसलेले आम्ही या वयात प्रथम पाहिले. दूध काढून घेणे हा व्यतिरेक आणि ते परत देऊन पाहणे हा अन्वय. डॉक्टरांस आम्ही हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "महाराज, तुम्हांला माझ्यापेक्षा लवकर समजलं." या वाक्याने आम्ही सुखावलो. पुढे जे झाले ते पाहता, समजणे आणि पाळणे यांत किती कोसांचे अंतर असते पाहा.

गव्हाची हकीकत कळली तीही मोठी आहे. हॉलंड देशात विलेम डिके नावाचे बालवैद्य होते. त्यांच्याकडे पोट फुगलेली, हातापायांच्या काड्या झालेली मुले येत; त्या विकाराचे कारण कोणास ठाऊक नव्हते. दुसऱ्या महायुद्धात 1944-45 च्या हिवाळ्यात त्या देशात अन्नाची अशी टंचाई झाली की पाव मिळेना. सारा देश उपासमारीने खंगत असता ही मुले मात्र सुधारू लागली, आणि पाव परत येताच पुन्हा आजारी पडली. गव्हावर डिके यांचा संशय आधीपासून होता. 1950 मध्ये त्यांनी उत्रेख्त येथे त्यावर प्रबंध लिहिला. दुष्काळाने व्यतिरेक दाखवला, सुकाळाने अन्वय. ज्या माउलीच्या लेकराला जन्मभर गहू वर्ज्य आहे, त्याच्या पथ्याच्या मुळाशी दुसऱ्या देशातल्या भुकेल्या लेकरांचे असे दुःख आहे. अन्न हे पूर्णब्रह्म म्हणणाऱ्या आम्हांला हे ऐकून क्षणभर सुचेना.

असो. 2024 च्या जानेवारीअखेर, पौषात, पथ्य सुरू झाले. सूनबाईने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज एक फुली मारायची, अठ्ठावीस फुल्या झाल्या की पहिला टप्पा संपला, असे ठरले. नातवाला हे कसे समजवावे हा प्रश्न त्यानेच सोडवला. म्हणाला, "म्हणजे माझी दुधाची एकादशी. मग बारस कधी?"

घरात दोन पक्ष पडले. आमचे कुटुंब म्हणू लागले, "मी पाच लेकरं याच दुधावर वाढवली. गाईच्या दुधानं कधी कुणाला बाधलंय?" शेजारच्या एका वयोवृद्ध वारकऱ्यांनी तर आम्हांलाच विचारले, "महाराज, गाईचं दूध बाधतं म्हणणं ही गोमातेची निंदा नव्हे का?" कोणी सांगे, शेळीचे द्या. डॉक्टरांस विचारले तर ते म्हणाले, शेळीच्या दुधातला बाधणारा अंश बहुतेक गाईच्या दुधासारखाच असतो, उपयोग नाही. निंदेचे म्हणाल तर गाईने दूध उत्पन्न केले ते वासरासाठी. ते आपल्याला मानवते ही तिची कृपा. एका लेकराला मानवले नाही तर तिचा अपमान कसला? चरकाचार्यांनी दुधाला जीवन देणाऱ्या पदार्थांत अग्रस्थान दिले, आणि त्याच ग्रंथात हेही सांगितले की मात्रा, काळ, देश, देह पाहिल्याविना कोणताही पदार्थ सर्वांना सर्वकाळ पथ्य म्हणता येत नाही. गीतेचा सतरावा अध्याय आम्ही कित्येक वेळा सांगितला, पण एक गोष्ट या पौषातच ध्यानी आली. सात्त्विक आहाराचे लक्षण करताना भगवंतांनी पदार्थाचे नाव घेतलेले नाही. आयुष्य, बळ, आरोग्य, सुख वाढवील तो सात्त्विक, आणि जो दुःख आणि रोग देतो तो त्या पंक्तीतला नव्हे. मग जे दूध आमच्यासाठी सात्त्विक तेच या लेकराच्या पानात राजस होऊ शकते. दूध तेच, पान निराळे.

व्यवहार मात्र अध्यायाने चालत नाही. सकाळी ज्वारीची भाकरी वरणात कुस्करायची, दुधात नव्हे. जवसाची, कारळाची चटणी. तूप नाही, तेल. अंगातला चुना भरून निघावा म्हणून तीळ, राजगिरा, हरभरा, पालेभाज्या आणि वर डॉक्टरांनी दिलेले औषध. बिस्किटाचा पुडा आणला तर पाठीवरची बारीक अक्षरे वाचायची. 2020 च्या नियमांप्रमाणे आपल्या देशात दूध, गहू, सोयाबीन, शेंगदाणा असे काही आत असेल तर पुड्यावर तसे छापावे लागते. आम्ही पाणिनी वाचला, पण ही अक्षरे वाचायला नात लागते. आनंदाचा दिवस एकच असा आला की पथ्याची आठवणही झाली नाही: शेतात हुरडा भाजला तो. दह्याचे भांडे सूनबाईने मुद्दामच नेले नव्हते. तिळाची चटणी, गूळ, कोवळा हुरडा. सगळे एकच खात होते, आणि कोण पथ्यावर आहे ते पाहणाऱ्यास ओळखू आले नसते.

घरात इतरांनी दूध प्यावे की नाही, हा खरा धर्मविचार. डॉक्टर म्हणाले होते, सर्वांनी सोडण्याची गरज नाही. सूनबाईने मात्र घरात दूध तापवणे बंद केले; गाईचे दूध डेअरीला जाऊ लागले. लेकरासमोर सारे घर कोरा चहा पिऊ लागले. आम्हीही होकार दिला. आणि तिसऱ्या दिवशी काय केले? एसटी स्टँडवरच्या हॉटेलात जाऊन आम्ही दुधाचा चहा प्यायलो. मग रोजच. जाताना घरी सांगत असू, देवदर्शनाला जातो. एके संध्याकाळी नातू मांडीवर बसला आणि नाक वर करून म्हणाला, "आबा, तुमच्या मिशांना दुधाचा वास येतो."

आम्ही हसून वेळ मारून नेली. सूनबाई हसली नाही. आत बोलावून म्हणाली, "मामा, बाहेर प्या, मी नाही म्हणत नाही. पण सांगून प्या. लपवून प्यालात तर उद्या तोही लपवून पिईल." पन्नास वर्षे व्यासपीठावरून सत्याची महती सांगणाऱ्या माणसास चहाच्या कपापाशी कोणी धरावे! उत्तर नव्हते.

आता मुख्य गोष्ट. माघात आमच्या गावचा सप्ताह असतो, आणि काल्याचे कीर्तन परंपरेने आमच्याकडे. त्या दिवशी नातवाच्या वीस फुल्या झाल्या होत्या. चट्टे जवळजवळ सुकले होते, रात्री झोप लागत होती. सूनबाईने सकाळी त्याला बजावले, "काल्याचं दर्शन घ्यायचं, खायचं नाही." आम्ही ऐकले.

काल्याचे कीर्तन कसे रंगते ते तुम्हां वारकऱ्यांना काय सांगावे. गोपाळांच्या शिदोऱ्या, कोणाची शिळी, कोणाची ताजी, कोणाची श्रीमंताघरची, कोणाची भाकरीच्या कोरक्याची, सगळी देवाने एकत्र कालवली, त्यात लहानथोर उरले नाही. आम्ही हे तासभर सांगितले आणि लोकांचे डोळे पुसले. हंडी फुटली. काला वाटायला आम्ही उभे राहिलो. रांगेत पोरे. तिसऱ्या की चौथ्या नंबरला आमचा नातू, हाताची ओंजळ केलेली, पण ओंजळ पुढे नाही, छातीशी धरलेली. डोळ्यांनीच विचारत होता, आबा, घेऊ? मागून कोणीतरी म्हणाले, "महाराजांच्या घरचंच लेकरू काल्याविना?" आम्ही क्षणभर थांबलो, आणि त्याच्या ओंजळीत काला घातला.

तो क्षण आम्ही पुष्कळ वेळा उलगडून पाहिला. मनात भक्ती होती काय? होती, थोडी. माया होती काय? होती. पण जास्तीत जास्त होते ते हे, की चारशे माणसे पाहत आहेत. आताच ज्या तोंडाने काल्याचा महिमा सांगितला त्याच तोंडाने नको म्हणायचे कसे? प्रसादाचा मान राखला असे वाटले. राखला तो आमचा मान, आणि तो राखला सहा वर्षांच्या लेकराच्या पोटात घालून.

दुसऱ्या रात्री पोटात कळा सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी कोपरे पुन्हा लाल. सूनबाईने त्याला समोर उभे करून विचारले, "काय खाल्लंस? कुणी दिलं?" आम्ही ओट्यावर हरिपाठ म्हणत बसलो होतो, आतले सर्व ऐकू येत होते. पोर म्हणाले, "कुणी नाही. मीच चोरून खाल्ला काला." तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला. तो रडला, पण आमचे नाव घेतले नाही. आमचे ओठ हरिपाठ म्हणत राहिले.

वाचकहो, मोठ्यांचा मान राखावा हे त्याला आम्हीच शिकवले होते. त्याने राखला.

रात्री जेवणे झाल्यावर आम्ही स्वयंपाकघरात गेलो. आम्ही नेहमी आम्ही म्हणतो, कीर्तनकाराची ती सवयच असते. त्या रात्री मात्र मी म्हणावे लागले. "सूनबाई, काला मी दिला. तो खोटं बोलला ते माझ्यासाठी." ती काही बोलली नाही. नातवाला उठवून मांडीवर घेतले आणि बराच वेळ त्याची पाठ चोळली. मग दिनदर्शिकेवरच्या सगळ्या फुल्या एकेक करून खोडल्या. आमचे कुटुंबही गप्प होते. एरवी तिने आमचीच बाजू घेतली असती.

डॉक्टरांस कळवले. ते रागावले नाहीत, फक्त विचारले, काल्यात काय काय होते? आम्ही मोजले: ज्वारीच्या लाह्या, पोहे, दही, दूध, लोणचे, डाळे, काकडी, मिरची, कोथिंबीर, साखर, केळी. ते म्हणाले, आता यांतले कशाने झाले ते सांगता येत नाही. दुधाने असेल, पण पुरावा गेला, पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. तेव्हा आमच्या ध्यानात आले. काला म्हणजे मुळात भेद मिटवणे, सगळे एकात एक. आणि ही परीक्षा म्हणजे एकेक वेगळे करून पाहणे. दोन्ही धर्मच, पण एकाच वेळी एकाच ओंजळीत दोन्ही मावत नाहीत. जेथे वेगळे करायचे तेथे आम्ही कालवले.

येथे आमचा विचार असा. व्रत ज्याचे त्याचे असते. ज्याने संकल्प सोडला त्याला नियम. लेकराने कोणताही संकल्प केलेला नाही. त्याच्या वतीने संकल्प आपण मोठ्यांनी केला, जसा जातकर्मादी संस्कारांत बाप करतो. मग नियम कोणाला लागू? कर्मकांडात ज्याने संकल्पाचे पाणी सोडले तो यजमान, आणि नियम यजमानाला बांधतात. तेव्हा दुधाचे पथ्य जिभेने नातवाचे असले, तरी सांभाळण्याचा भार आमचा. आम्ही दुधाचा थेंब न पिणे हे त्याचे सार नव्हे. डॉक्टरांनीही ते मागितले नव्हते. न लपवणे, न फसवणे, चारचौघांत त्याच्या बाजूला उभे राहणे, हे ते नियम. ते मोडले आम्ही आणि प्रायश्चित्त त्याच्या कोपरांवर उमटले.

कोणी म्हणेल, महाराज, भाव शुद्ध असता बाधत नाही, नामदेवरायांकडे पाहा. पाहू या. गुरु ग्रंथसाहिबात नामदेवरायांची 61 पदे आहेत, त्यांतल्या एका पदात देवाला दूध पाजल्याची कथा आहे. आपल्याकडे ती नैवेद्याच्या ताटाची म्हणून सांगतात. त्या कथेत हट्ट कोण करतो? लेकरू. आणि कोणाच्या हट्टाला कोण वाकते? देव वाकतो. लेकरासाठी देव जेवला. लेकराने देवासाठी आजारी पडावे असे त्या कथेत कोठेही नाही. दुसरी कथा औंढ्याची. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेवरायांनी ते उचलून जेथे ठेवले तेथे पिंड उभी राहिली. देव नाही अशी जागाच सापडेना. हे जेथे कळले त्या औंढ्याच्या मुलखात आमचा जन्म गेला, आणि आम्हांला मात्र देव दह्यातच दिसला.

धर्मशास्त्रही इतके कठोर नाही. एकादशीचा उपवास आठ वर्षांखालच्या लेकराला आणि ऐंशीवरच्या वृद्धाला ग्रंथकारांनी सांगितलेला नाही. व्रत न मोडणाऱ्या म्हणून ज्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत त्यांत दूधही आहे आणि औषधही. आमच्या घरी त्या दोघांचे भांडण लागले. तेथे औषधाचा कौल घ्यावा हे समजायला ग्रंथ लागत नाही. सामर्थ्य नसलेल्याला अधिकार नाही आणि अधिकार नाही त्याला विधी नाही, हे मीमांसक केव्हापासून सांगत आले. ज्याला दही पचत नाही त्याच्यासाठी दही खाण्याचा विधीच नाही. मग नाकारले काय आणि पाप कसले?

पुन्हा अठ्ठावीस फुल्या झाल्या. चट्टे सुकले. फाल्गुनात बारस आली. पारण्याचे महत्त्व वारकऱ्यास सांगावे लागत नाही; द्वादशीला वेळेत पारणे सुटले नाही तर एकादशीत उणेपणा येतो. पथ्याचेही तसेच. पदार्थ तोडायचा आणि परत कधी पाहायचेच नाही, हे पथ्य नव्हे, भय आहे. कित्येक घरी असे होते की बरे वाटले, आता कशाला छेडा, म्हणून मूल वर्षानुवर्षे अर्ध्या ताटावर राहते. आमच्या कुटुंबालाही शेवटी तसेच वाटू लागले होते. जी दुधासाठी भांडत होती तीच आता दूध देऊ नका म्हणू लागली. परंतु पहिला घोट घरी द्यायचा नसतो. एखाद्या लेकराला बंद केलेला पदार्थ पुन्हा देताना एकाएकी जोराचा त्रास होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी दवाखान्यात बसवून चमच्याने सुरुवात केली. त्या दिवशी काही झाले नाही. पुढे सांगितल्या मात्रेने घरी दिले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नातू कोपर खाजवीत आला आणि स्वतःच म्हणाला, "आबा, आलं." कारण दूधच. वाईट वाटले, आणि खरे सांगायचे तर सुटल्यासारखेही. एवढे दिवस घरात संशय राहायला होता, तो गेला.

वाढत्या वयात पुष्कळ मुलांचा हा दोष आपोआप निघून जातो, असे डॉक्टर म्हणतात. काही महिन्यांनी त्यांनी भाजलेल्या पिठातले थोडे दूध देऊन पाहिले, ते मानवले. दुधाचे बिस्किट आता तो खातो. दही-दूध अजून नाही.

तर माउली, तुझ्या प्रश्नाचे उत्तर हे. शिरा परत करताना तुझ्या मनात जे भय असते ते सोड. प्रसाद म्हणजे देवाची प्रसन्नता. ती रव्याच्या दाण्यात अडकून पडलेली नाही. लेकराच्या हातावर तुळशीचे पान ठेव, ते गव्हाच्या ताटातले नको, वेगळे काढलेले असू दे. सासूबाईंना मात्र उलट बोलू नकोस. आमच्या घरचा अनुभव असा की ज्या म्हाताऱ्या माणसाला लेकरू अधिक प्रिय असते तेच अधिक हट्ट धरते. त्यांना एकदा डॉक्टरांकडे बरोबर ने. आणि तुझ्या गावचे कोणी कीर्तनकार वाटेत हात पुढे करून आग्रह करू लागले, तर त्यांना आमचे नाव सांग.

2025 च्या माघात पुन्हा काल्याचे कीर्तन आमच्याकडे आले. आदल्या वर्षी काय केले ते आम्ही व्यासपीठावरून सांगितले. सांगताना आवाज बसला, टाळकऱ्यांनी गजर करून सांभाळून घेतले. आधीच्या बैठकीत दोन हंड्या बांधायचे आम्ही सुचवले होते. एका मोठ्या हंडीत नेहमीचा काला, दुसऱ्या लहानशा हंडीत नुसत्या ज्वारीच्या लाह्या आणि गूळ, नैवेद्य दोन्हींचा. गोमातेच्या निंदेचा प्रश्न विचारणारे तेच शेजारी उठून म्हणाले होते, काला एकच असतो, दोन केलेत तर तो काला कसला? त्यांचे म्हणणे खोटे नाही, आणि त्याचे पुरते उत्तर आमच्याजवळ अजूनही नाही. आम्ही एवढेच म्हटले की गोपाळांच्या शिदोऱ्याही घरून वेगळ्याच आल्या होत्या. ते गप्प बसले, पटले असे नव्हे. काल्याच्या दिवशी मात्र लाह्यांची पिशवी त्यांच्याच घरून आली.

लहान हंडी फुटली तेव्हा गुळाच्या वासाने गावातली सगळी पोरे दह्याचा काला सोडून तिकडे धावली. आमच्या नातवाच्या ओंजळीत जेमतेम मूठभर लाह्या आल्या. तो फुरंगटून घरी आला आणि म्हणाला, "आबा, पुढच्या वर्षी माझी हंडी मोठी बांधा."